आधी कोणी खायचं

"थांबा. ठरू द्या त्यांचं त्यांना."

असं म्हणून काका उजवा हात आपल्यापुढे आडवा धरायचे, रेल्वेचं फाटक पडावं तसा. अंगणात दोन पिल्लं एकमेकांवर धावून जात असायची आणि आपण सोडवायला पुढे झालेलो असायचो.

दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहायचे, मी त्यांच्या वर, पहिल्या मजल्यावर. मूळचे यवतमाळकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर. सोसायटीत तेव्हा घरोघरी मारुती येऊ लागली होती, मुलं नोएडातल्या नव्या कंपन्यांत लागत होती, आणि यांच्या मागच्या अंगणात कोंबड्या! सेक्रेटरी तक्रार घेऊन आले तेव्हा काका म्हणाले, "भाईसाहब, आपकी गाड़ी के हॉर्न से मेरी मुर्गियाँ डरती हैं. मैंने कभी शिकायत की?" आणि संध्याकाळी त्यांच्याकडे अंडी पाठवून दिली.

मीही अंडी घ्यायला जायची आणि तिथेच रेंगाळायची. तुम्ही कधी पाहिलंय की नाही, ठाऊक नाही. पण पिल्लं जरा मोठी झाली की अचानक छाती काढून समोरासमोर उभी राहतात. मानेची पिसं फुगवतात, टक लावून बघतात, एखादी उडी मारतात. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. एक जण मान खाली घालून बाजूला होतं.

"झाला निकाल," काका म्हणायचे. "आता रोज टोच मारायला नको. नुसतं बघितलं तरी पुरे."

अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला ते तलंग म्हणायचे. कुठली तलंग कुणाच्या वर, कुणाच्या खाली, हे त्यांना तोंडपाठ असायचं. सगळ्यांत वरची मलाही ओळखू येऊ लागली होती. "हिला सुख आहे असं वाटतं तुम्हाला?" ते विचारायचे. "दर दाण्याला मान वर करून बघते, कोणी आलं का म्हणून."

घरात दोन मुलगे, दोन सुना. काकू मुलांच्या लग्नाआधीच गेलेल्या. मोठी सून दिल्लीतच वाढलेली, नेहरू प्लेसला नोकरी करणारी. घर तिच्या हाती. धाकटी पुसदजवळच्या खेड्यातून आलेली. भाजीवाल्याशी हिंदी बोलतानाही घाबरायची. मोठी वाईट नव्हती. दिवसभर ऑफिसात साहेबाचं ऐकून यायची आणि घरी, "अगं, कुकर कोण लावणार? बिल्कुल लक्ष नसतं तुझं," एवढं बोलायची. पुढे पुढे तेही बोलावं लागेना. ती स्वयंपाकघरात आली की धाकटी ओट्यापासून आपोआप बाजूला व्हायची.

मला हे दिसत होतं. काकांना दिसत नसावं. ते आधी जेवून अंगणात गेलेले असायचे.

एका रविवारी एका तलंगेच्या मानेवर रक्त दिसलं. बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या होत्या. या वेळी काका "थांबा" म्हणाले नाहीत. झटकन तिला उचललं, जखमेला हळद लावली आणि टोपलीखाली वेगळी ठेवली.

"असं कसं झालं काका?"

"चूक माझी. जागा एवढीशी आणि दाण्याचं भांडं एकच. मग खालचीला मरेपर्यंत टोचतात."

दुसरी परात आणायला ते स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग. सगळ्यांची जेवणं उरकली होती. धाकटी फरशीवर बसून पातेल्याला लागलेला भात खरवडून खात होती. मटणाचं भांडं शेजारी रिकामं. आम्हाला पाहून ती गडबडीने उठू लागली.

"बस, बस. रोज एवढंच उरतं का गं?"

"नाही बाबा. आज मलाच भूक नव्हती."

काका परात हातात धरून तसेच उभे राहिले.

अंगणात येऊन त्यांनी ती खाली मांडली. मग म्हणाले, "आमच्या बापाला गावजेवणात शेवटी बसवायचे. लांब, उकिरड्याकडेला. उरलं तर वाढायचे. आयुष्यभर विसरलो नाही मी ते. आणि माझ्याच घरात..."

दुसऱ्या दिवसापासून जेवायची हाक आली की ते म्हणू लागले, "तुम्ही बसा. मी धाकटीबरोबर बसेन."

सासराच शेवटी जेवणार म्हटल्यावर घराची पंचाईत झाली. थोरला मुलगा वाढून घेताना आधी पातेल्यात डोकावू लागला. मोठी मात्र एका रात्री भडकली, मला वरपर्यंत ऐकू आलं. "बाबा, मला दाखवून देताय ना तुम्ही?"

"तुला नाही, स्वतःला. तूही दमून येतेस. तुला तरी गरम कोण वाढतं?"

मोठी मागच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने धाकटी चहा घेऊन तिच्याकडे गेली. काय बोलल्या ते मला वर ऐकू आलं नाही. मोठीचं रडणं तेवढं ऐकू आलं.

त्यानंतर ती सगळी एकदमच जेवायला बसू लागली. टेबल चौघांचं होतं; काका अंगणातलं स्टूल धुऊन आणायचे आणि त्यावर अवघडून बसायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही तर 'ठरू द्या' म्हणायचात."

"कोंबड्यांचं म्हणायचो," ते म्हणाले. "कोंबडीला दुसरी परात मांडता येत नाही."

पुढे धाकटीने कोर्स केला, शाळेत लहान मुलांना शिकवू लागली. तिच्या नवऱ्याला दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला फ्लॅट मिळाला. तिथे अजून धड रस्तेही झाले नव्हते, तरी बस बदलत बदलत मोठी तिच्याकडे जायची.

काका गेले ते हिवाळ्यात. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. मी मागच्या बाजूला गेले, तर मोठी खुराड्याचं दार उघडून उभी होती, मागे धाकटी. कोंबड्या बाहेर येईनात. काका जीभ टाळूला लावून, गावाकडच्या कुठल्याशा सुरात त्यांना बोलवायचे. मोठीने तसं करून पाहिलं. एकही हलली नाही.

"मला नाही जमत यार," ती धाकटीला म्हणाली. "तू बोलव. तुला येतं ना ते."

धाकटीने पदर खोचला, खुराड्यासमोर उकिडवी बसली, मूठभर दाणे पुढे केले आणि तोंड उघडलं. आवाज फुटेना.

मोठी तिच्या शेजारी मातीतच बसली.