नियमात न बसणारी खीर

परदेशातल्या सरकारांची टेंडरं भरून देणं हा माझा धंदा आहे, असं कोल्हापुरात सांगितलं की समोरचा आधी डोळा बारीक करतो. "म्हंजे सायबास्नी सांभाळायचं काम!" असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला होता. अहो, साहेबाला अजिबात सांभाळायचं नाही, हेच तर माझं काम. आमच्या भागातला माणूस लोखंड ओतण्यात कुणाला हार जायचा नाही. पण दारात आलेल्याला जेवू घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आण्णांचा कारखाना आहे. शहरांच्या मोठ्या पाइपलाइनला लागणारे व्हॉल्व्ह ते बनवतात. जैन शेतकरी घरातला माणूस, आवाज असा की मशीन चालू असतानाही त्यांना ओरडावं लागत नाही. आफ्रिकेतल्या एका शहराच्या पाणी खात्याचं टेंडर आम्ही भरलं होतं. कागदपत्रं पास झाली, दरही बसला. आता खात्याच्या इंजिनिअर बाई कारखाना बघायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं की काम आण्णांचं. निम्मी शेड कामावाचून पडून होती, त्यामुळे हे काम त्यांना हवंच होतं.

मी आधीच जाऊन दम भरून आले. फेटा नाही, शाल नाही, नारळ नाही. जेवण तर नाहीच. चहासुद्धा नाही, फक्त पाणी.

"ताई, जेवाण म्हंजे लाच व्हय?"

"त्यांच्या नियमात व्हय, आण्णा. निकालाआधी काही खाऊ घातलं की टेंडर बाद."

"आणि पावणं दारातनं उपाशी गेलं तर? माणसं तोंडात शेण घालतील की माझ्या!"

मी त्यांना शपथ घालून परत आले. चूक माझीच. शपथ आण्णांना घातली, त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, घालायची राहिली.

बाई आल्या. उंच, हसऱ्या, पण कामाला भलत्याच कडक. व्हॉल्व्हमध्ये दाबानं पाणी भरून कुठं थेंब गळतो का, हे त्या उकिडव्या बसून बघत होत्या. एकही गळला नाही. मला इतका आनंद झाला की तिथंच टाळी वाजवावीशी वाटली. तेवढ्यात वेलदोड्याचा आणि तुपाचा वास आला. मी धावत मागं गेले. कामगारांच्या जेवणाच्या खोलीत भलंमोठं पातेलं भरून खपली गव्हाची खीर, आणि शेजारी वहिनी पदर खोचून उभ्या.

"हे कामगारांचं हाय की," वहिनी साळसूदपणे म्हणाल्या. "आता पावण्या हिकडं आल्याच, तर वाटीभर..."

"वहिनी, त्या वाटीत तुमचं टेंडर बुडेल!" मी ओरडलेच. मग पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दारात पहारा देत उभी राहिले.

दुपारी बाईंनी गाडीत बसून हॉटेलातून आणलेला पाव खाल्ला. आण्णा शेडच्या दारातून ते बघत होते. पाहुणी आपल्या अंगणात कोरडा पाव खातेय, हे त्यांना बघवेना. स्वतः तर ते जेवलेच नाहीत. निघताना बाईंनीच मला विचारलं, मालक जेवायला का गेले नाहीत? मी खरं ते सांगून टाकलं. बाई पोटभर हसल्या.

"वास मलाही आलाय," त्या म्हणाल्या. "माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं. पण या खुर्चीवर आहे तोवर नको. त्यांना सांगा, नोकरी संपली की येईन."

मी सांगितलं. गाडी फाटकाबाहेर पडली आणि आण्णांनी हात जोडले. "ती बाई जेवल्याबिगर म्या ह्या खिरीला शिवणार न्हाय. त्याग केला."

टेंडर मिळालं. शेड पुन्हा गजबजली, कंटेनर भरून गेले. आनंदाच्या पंगती उठल्या, वहिनींनी दर वेळी खीर केली, आणि आण्णांनी दर वेळी पानावर आडवा हात धरला. सगळं पुरवून झालं तरी नेम कायम. मी चिडवायची, "आण्णा, असं म्हणून कुणी येतंय होय? जन्माची खीर सुटली तुमची." ते हसायचे, पण पातेल्याकडं बघायचे नाहीत. मग मलाच वाईट वाटायचं.

यंदा एके दिवशी मुंबईहून फोन आला. "त्या कारखान्यात अजून फक्त पाणीच देतात का?" निवृत्त झालेल्या बाई बहिणीला घेऊन भारत बघायला आल्या होत्या. मी फोनवरच किंचाळले.

त्यांना घेऊन आण्णांच्या घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. जैन घर, सूर्य मावळल्यावर अन्न घ्यायचं नाही, म्हणून वहिनींनी पानं मांडूनच ठेवली होती. आण्णांनी दोघींना फेटे बांधले, शाल दिली, नारळ दिला. राहिलेलं सगळं एकदम वसूल! बाईंनी खिरीचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि वाटी पुन्हा पुढं केली. वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आण्णा मात्र अजून उभेच. पाहुणीचं जेवण व्हायच्या आधी बसायचं नाही, आणि बाई तर सावकाश, चवीनं जेवत होत्या. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चाललं. आण्णा एकदा उन्हाकडं बघायचे, एकदा बाईंच्या वाटीकडं. शेवटी बाईंनी तृप्त होऊन वाटी खाली ठेवली.

वहिनींनी लगेच आण्णांच्या हातात वाटी दिली. त्यांनी ती तोंडाशी नेली, थांबले, आणि त्या दणदणीत आवाजाच्या माणसानं मला अगदी हळू विचारलं, "ताई, आता नियमात बसतंय न्हवं?"

"बसतंय, आण्णा," मी म्हटलं. "पण आवरा, दिवस बुडतोय."