आमचे राजवंशी व्याही

चहा घेत घेत ऐका, पण एक विनंती आहे. मध्ये कुणी "मग तू विचारलं का नाहीस?" असं म्हणायचं नाही. तो प्रश्न मला घरच्यांनी, बाहेरच्यांनी आणि मी स्वतः इतक्यांदा विचारून झालाय की आता त्याचं उत्तर द्यायचा मला कंटाळा येतो.

मी नॉटिंगहॅमला एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. माहेर अमरावतीचं, सासर नागपूरचं. इथे येऊन इतकी वर्षं झाली की इंग्रज माणूस कधी थट्टा करतो आणि कधी खरं बोलतो, ते मला कळतं असा माझा समज होता. होता म्हणते, हे लक्षात ठेवा.

आमची लेक गार्गी इथेच जन्मली. तिने टॉमशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी आहे, शांत आहे, माझ्या हातची झुणका-भाकरी मागून घेतो. काम काय करतो? ट्री सर्जन आहे. म्हणजे कमरेला दोर बांधून मोठमोठ्या झाडांवर चढतो, वाळलेल्या, धोक्याच्या फांद्या कापतो. इथे त्याचं रीतसर शिक्षण असतं. पण हे नागपूरला कसं सांगायचं?

नागपूरला म्हणजे भाऊजींना. माझे मोठे दीर. आमच्या सासरी कुणाचं लग्न ठरलं की पहिला फोन त्यांना करायचा, ही रीत. मी व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, "भाऊजी, मुलगा ट्री सर्जन आहे."

त्यांनी फक्त शेवटचा शब्द ऐकला. चेहरा फुलला. मागे वळून घरात सांगून टाकलं, "सर्जन आहे जावई."

"भाऊजी, झाडांचा."

"म्हणजे?"

"म्हणजे झाडांवर चढून फांद्या वगैरे..."

"झाडं तोडतो?"

"तोडत नाही. छाटतो."

स्क्रीनवर त्यांचा चेहरा गोठला. नेट गेलं असावं असं वाटलं, पण मागचा पंखा फिरताना दिसत होता. मग अगदी हळू, माझ्यावर दया केल्यासारखं त्यांनी विचारलं, "बरं. घराणं तरी कसं आहे?"

आणि इथे मी माती खाल्ली.

झालं होतं असं, की आदल्याच रविवारी आम्ही टॉमच्या वडिलांना भेटायला डर्बीला गेलो होतो. रॉजर त्यांचं नाव. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरात एकटेच. जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावर वॉलपेपरची एक लांबलचक गुंडाळी पसरली आणि चारी कोपऱ्यांवर चहाचे मग ठेवले. त्यावर त्यांचा वंशवृक्ष होता. खाली टॉम, त्याच्यावर रॉजर, मग वर वर जात चांभार, लोकरीचे व्यापारी, जमीनदार, सरदार, आणि सगळ्यात वर मध्ययुगातला इंग्लंडचा एक एडवर्ड राजा. त्याच्या डोक्यावर रॉजरनी पिवळ्या पेनने मुकुट काढला होता.

मी विचारलं, "डायरेक्ट लाइन?"

"अगदी डायरेक्ट," रॉजर म्हणाले. "पण आम्ही त्याचा फारसा गवगवा करत नाही."

म्हणतानाही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मला वाटलं, खानदानी माणसं अशीच नम्र असतात. टॉम खिडकीबाहेर बघत हसत होता. मला वाटलं, लाजतोय.

तर भाऊजींनी घराणं विचारलं आणि मी म्हटलं, "राजघराणं आहे."

पुढचं काही माझ्या हातात राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं. झाडांचं कुणी नावच काढेना. कुणीतरी म्हणालं, राजघराण्यातली मुलं हौसेखातर असली कामं करतात. माझ्या जाऊबाईंनी विचारलं, "त्यांच्यासमोर आपण खुर्चीवर बसायचं की नाही?" मी म्हटलं, "बसायचं हो, साधी माणसं आहेत." त्या म्हणाल्या, "बघा, किती मोठेपणा."

थांबवायला हवं होतं ना? कळत होतं मला. रॉजरना एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण उत्तर काय येईल याची मला आतून धाकधूक होती, म्हणून मी फोन केला नाही. शिवाय खरं सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. इतक्या वर्षांत सासरी पहिल्यांदा माझ्या बातमीवर कुणी "पण" म्हटलं नव्हतं.

लग्नासाठी भाऊजी, जाऊबाई आणि आणखी काहीजण आले. रॉजरसाठी जरीचा फेटा आणला, शेला आणला. चांदीच्या मुठीची तलवारही आणायची होती, पण ती विमानात नेता येणार नाही असं त्यांच्या मुलाने समजावल्यावर भाऊजी नाराज होऊन थांबले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन होतं. आम्ही एक कम्युनिटी हॉल घेतला होता. रीत म्हणजे नवऱ्या मुलाला ओवाळायचं, पण भाऊजी टॉमच्या समोरून सरळ रॉजरकडे गेले. त्यांना फेटा बांधला, शेला पांघरला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं. पहिलेच शब्द होते, "युवर रॉयल हायनेस."

रॉजरना टॉमने बजावून ठेवलं होतं की इंडियन लग्नात जे करतील ते करून घ्यायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. ते ताठ उभे राहिले. मग हळूच माझ्याकडे झुकून म्हणाले, "प्रत्येक लग्नात रॉयल हायनेस म्हणतात का?"

आता तरी मी खरं बोलावं की नाही? मी म्हटलं, "मुलाच्या वडिलांना, हो."

"छान रीत आहे," रॉजर म्हणाले.

जेवायला बसल्यावर भाऊजींनी अदबीने विचारलं, "आपला किल्ला कुठला?" त्यांचं सगळं संभाषण इंग्रजीत चाललं होतं, मी मराठीत सांगते.

"किल्ला?" रॉजर म्हणाले. "डर्बीला माझं सेमी-डिटॅच्ड घर आहे, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. तीन बेडरूमचं."

"आणि राजाचा वारसा?"

रॉजरच्या डोक्यात प्रकाश पडला तो त्याच क्षणी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वरण-भात कालवत होते, कालवतच राहिले. त्यांनी मला उघडं पाडलं नाही. एखाद्या वर्गाला समजावतात तसं शांतपणे म्हणाले, "तो राजा माझा पूर्वज आहे हे खरंय. पण असं बघा, आईवडील दोन, आजीआजोबा चार, त्यांच्यामागे आठ. दुप्पट करत राजाच्या काळापर्यंत गेलात तर त्या वेळी या देशात होती त्यापेक्षा जास्त माणसं लागतात. म्हणजे तीच तीच माणसं सगळ्यांच्या वाट्याला येतात. या रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक इंग्रज माणूस त्या राजाचा वंशज निघेल. मी फक्त हौस म्हणून नावं शोधली."

भाऊजींनी केटररकडे बोट दाखवलं. लेस्टरचे गुजराती गृहस्थ होते, पुऱ्या तळत होते. "हेसुद्धा?"

"त्यांचा राजा वेगळा असेल. पण असेलच."

भाऊजींनी पुरीचा तुकडा मोडला. जाऊबाईंनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी सांगत नाही.

परतताना गार्गी गाडी चालवत होती. आम्ही दोघीच. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "आई, टॉमचा काम सांगायला तुला लाज वाटला?"

एरवी मी तिचं मराठी जागच्या जागी सुधारते. टॉमचं काम, लाज वाटली. त्या दिवशी माझ्याने काही सुधारवलं नाही.

"तो वरती चढतो ना, तेव्हा मला रोज भीती वाटतो," ती म्हणाली. "आणि प्राउड पण वाटतो. तू एकदा पण बघायला आली नाही."

सिग्नल हिरवा झाला. मी काहीतरी म्हणायला हवं होतं, पण माझ्याकडे फक्त कारणं होती, आणि ती कारणं सगळी नागपूरची होती. तिने त्या घरात उन्हाळ्याच्या सुट्टीखेरीज कधी पाऊल ठेवलेलं नाही. माझ्या मनात मात्र मी अजूनही त्या बैठकीच्या खोलीत पदर सावरून उभीच आहे, आणि कुणी काय विचारेल याची तयारी करते आहे. हे तिला मी काय समजावणार? मी एवढंच म्हटलं, "चुकलं माझं." तिने एक हात स्टिअरिंगवरून काढून माझ्या हातावर ठेवला.

सकाळी मंडपात रॉजर लवकर आले होते, फेटा घालूनच. मी त्यांची माफी मागितली. सगळं सांगितलं, अगदी "सर्जन"पासून. ते इतके हसले की फेटा डोळ्यांवर आला.

मग म्हणाले, "त्या कागदावर एक गोष्ट तुम्ही बघितली का? राजापासून माझ्यापर्यंतची रेघ बहुतेक मुलींच्या बाजूने येते. राजाच्या मुलीची मुलगी सरदाराला दिली. त्यांची नात एका साध्या जमीनदाराला. त्यांच्या घरातली एक मुलगी लोकरीच्या व्यापाऱ्याला, आणि व्यापाऱ्याची नात चांभाराला. दर काही पिढ्यांनी कुणीतरी एक पायरी खाली लग्न केलं."

मी म्हटलं, "आणि त्यांच्या आया?"

"त्यांची काही नोंद नाही. बऱ्याच जणींची नावंही मिळत नाहीत. पण प्रत्येक वेळी घरात कुणीतरी विचारलंच असेल की मुलगा करतो काय, आणि एखादी आई तुमच्यासारखीच अडली असेल. त्यातली एक जरी नाही म्हणाली असती तर टॉम नसता."

मी त्या बायकांचा विचार करत उभी राहिले. राजवाड्यातल्या, मग गढीतल्या, मग दुकानामागच्या खोलीतल्या. जावयाचं काम जरा वाढवून सांगणाऱ्या. एवढ्या सगळ्या राजवंशात मला ओळखीच्या वाटल्या त्या याच.

लग्न छान झालं. पुढच्या आठवड्यात मी टॉमचं काम बघायला गेले. एका चर्चच्या आवारात तो भल्यामोठ्या झाडावर चढला होता. खाली मी आणि गार्गी एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या. खरंच भीती वाटते हो. आणि प्राउडही वाटतं.

आणि भाऊजी? मला वाटलं होतं, ते आयुष्यभर बोलणार नाहीत. पण निघायच्या दिवशी ते रॉजरशी कागद-पेन घेऊन बसले. दोन, चार, आठ, सोळा करत पान भरलं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे गणिताने आमच्याही मागे एखादा राजा येतोच?"

"टाळताच येणार नाही," रॉजर म्हणाले.

नागपूरला पोचताच भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं की आपलं घराणं राजवंशी असल्याचं इंग्लंडच्या एका तज्ज्ञाने सिद्ध केलं आहे. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. मीही पाठवली, आणि भीत भीत विचारलं, "मग भाऊजी, माझ्या माहेरचेही राजवंशीच ना?"

त्यांचं उत्तर आलं, "अमरावतीकडचं चौकशी केल्याशिवाय सांगता येणार नाही."