उजवी पाकळी आणि न भरलेली कांकणे

देवाविषयी काही लिहावे असा माझा अधिकार नाही. सारी नोकरी मी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात घालवली, आणि लिहिण्याचे धाडस तर या उतारवयातच करते आहे. जे घडले त्याला योगायोग म्हणता येईल, हे मला ठाऊक आहे. त्याहून मोठी अडचण अशी की या हकिकतीत चूक माझी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय कृपेचा भाग सांगता येत नाही.

माझी सून आमोण्याची. पहिलटकरीण होती आणि सातवा महिना सरत आला होता. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे धारगळच्या घरात आम्ही दोघीच. तिच्या पायांवर सूज होती. ती या दिवसांत येतेच, असे मी तिला सांगत असे. मग तिचे डोके दुखू लागले. एकदा ती म्हणाली, "आई, डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखे वाटते." मी मीठ-मिरच्या ओवाळून तिची दिष्ट काढली. रक्ताभिसरणाचा धडा मुलांना तोंडपाठ करून घेणाऱ्या मला त्या वेळी तो धडा आठवला नाही.

घरात फुले माळण्याचा कार्यक्रम करायचा होता. बाहेर त्याला डोहाळजेवण म्हणतात. तो रविवारी करावा का, हे विचारण्यासाठी मी ग्रामदेवीच्या देवळात प्रसाद घ्यायला गेले. आमच्याकडे देवीच्या अंगावर ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि मनातला प्रश्न पुजारी मोठ्याने देवीपुढे मांडतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवी पाकळी लगेच पडली. मी इतकी निश्चिंत झाले की गुरुवारी म्हापशाला ठरलेली सुनेची तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलली. तिचे डोके दुखते आहे, गाडीचे धक्के कशाला, असे कारण स्वतःला दिले. प्रश्न विचारला होता दिवसाचा. उत्तर मी प्रकृतीचे धरून चालले.

रविवारी बायका जमल्या. कांकणे भरायला आमचा नेहमीचा कांकणकार यायचा होता, पण तो कुणाच्या लग्नाला गेल्यामुळे त्याने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी एक वयस्क बाई पाठवली. तिला आम्ही कोणीच ओळखत नव्हतो. मापासाठी मी सुनेच्या लग्नातल्या चुड्याचे एक कांकण दिले. बाईने सुनेचा हात हातात घेतला, बोटे चेपून पाहिली, कांकण चढवले. ते बोटांच्या सांध्यांपाशीच अडले. तिने जोर केला नाही. मनगटावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे उमटलेला खळगा बराच वेळ भरून आला नाही. मग तिने सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हिरव्या कांकणांची चळत फडक्यात गुंडाळू लागली.

"टीचर, ह्या हातात मी कांकणां भरूचंय नाय," ती मला म्हणाली.

माझ्या थोरल्या जाऊबाई संतापल्या. "शुभ दिवसाक असा काय बोलतंस गो? कांकणां भरूक आयलंस काय दाक्तरकी करूक?"

"पायांची सूज सगळ्यांक येता, वयनी. ही हातांची आसा, तोंडाची आसा. माजा चेडू असाच गेला." पोटच्या मुलीविषयी बोलतानाही तिचा आवाज चढला नाही. "आदी दाक्तराक दाखवा. कांकणां मी मागीर भरीन."

भरल्या घरात गर्भारशीचे हात रिकामे ठेवून कांकणकारीण उठते, याहून मोठा अपशकुन आमच्या बायकांना कल्पिता येत नाही. कोणी सांगितले, दुसरी बोलवा. मी एरवी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी मात्र शेजाऱ्यांना गाडी काढायला सांगितली. कोलवाळचा पूल ओलांडताना सुनेने वाटेतच ओकारी काढली. म्हापशाला पोहोचल्यावर रक्तदाबाचा आकडा पाहून डॉक्टरीणबाईंनी तिला उभीही राहू दिली नाही. लघवीतून प्रथिने जात होती. आणखी एखादा दिवस उशीर झाला असता तर झटके आले असते आणि दोन्ही जीव हाती लागले नसते, असे त्या नंतर म्हणाल्या. दोन दिवस औषधांनी तिला सांभाळले, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शने दिली आणि तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया केली. मुलगी झाली. ती एवढीशी होती की तिला काचेच्या पेटीत ठेवावे लागले.

त्या दिवसांत मी कारण शोधत होते. मीठ जास्त झाले का, मी तिला जिने चढायला लावले का, देवीचे काही राहून गेले का. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवले आणि मी शिकवत असे त्याहून सोप्या शब्दांत समजावले. गर्भ रुजतो तेव्हा बाळाला पोसणाऱ्या वारेच्या पेशी आईच्या गर्भाशयातल्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद करतात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळते. काही वेळा हे काम अर्धेच होते. वाहिन्या अरुंद राहतात आणि वार उपाशी पडते. त्या उपाशी वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात आणि तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते. मग दाब चढतो, मूत्रपिंडे गळू लागतात, पाणी झिरपून सूज येते. वार बाहेर आल्यावरच दुखणे उतरणीला लागते. "हे पहिल्या काही महिन्यांतच ठरलेलं असतं. तेव्हा तुम्ही काय करणार होता? आणि अर्धंच का होतं, ते आम्हांलाही पुरतं कळलेलं नाही."

मग त्यांनी विचारले, "माहेरी कुणाला असं झालं होतं?" नाही, मी म्हटले. "आणि तुमच्याकडे? वार बाळाची असते, आणि बाळ दोघांचं. कधी कधी हे वडिलांच्या बाजूनंही येतं."

तेव्हा मला माझेच बाळंतपण आठवले. गोवा मुक्त झाल्याला फार वर्षे झाली नव्हती तेव्हा माझा मुलगा आठव्या महिन्यात जन्मला होता. माझे हात सुजले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. घरच्यांनी दिष्ट लागली म्हटले आणि मी कशीबशी वाचले. पुढे मी ते विसरले. सुनेच्या सुजलेल्या हातांत कदाचित माझेच काही उतरले होते. आश्चर्य असे की हे कळल्यावर अपराधाचे ओझे वाढण्याऐवजी सैल झाले. जे माझ्या शरीरातून माझ्या नकळत पुढे गेले, त्याचा हिशेब मी कुणाला देणार? तपासणी टाळली ती चूक माझी होती आणि ती मी सुनेला सांगितली. बाकीचे हातातून खाली ठेवावे लागले.

बाळ घरी आल्यावर एका शुक्रवारी मी सुनेला घेऊन बाजारात गेले. कांकणवाली आपल्या जागेवरच होती. मी हात जोडले, तर ती हसली. "टीचर, इतकी वर्सां शाळेत शिकयल्यात, हात धरून बघूक कोणी शिकवक नाय तुमका?" मग तिने सुनेचा हात पुढे ओढला. कांकणे सांध्यांवरून सरसर उतरली.

त्या रविवारी नेहमीचा कांकणकार आला असता तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही. दिवस मी निवडला नव्हता. उजव्या पाकळीने निवडला होता. माझा प्रश्न अपुरा होता, आणि उत्तराचा मी चुकीचा अर्थ लावला. तरीही त्या उत्तराने जिला आणायचे तिला माझ्या दारात आणले.

बारशाच्या आधी मी देवळात गेले. पुजाऱ्याने सवयीने पाकळ्या भिजवल्या आणि विचारले, "टीचर, काय विचारचा?"

मी म्हटले, "काही नाही. नुसती फुले वाहा."