पर्स्पेक्टिव्ह आणि अठ्ठावीस पायऱ्या

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेला नाही. कारखान्यात क्रेनला हाताने इशारे देता देता हे नाव पडलं. नव्या माणसाचा हात चार बोटं चुकला, तरी तो पुन्हा करायला लावायचा.

त्या सोमवारी क्रेनचं ओझं झोकांडलं आणि हूक अडकवणारा लंबू भिंतीशी चिरडून मेला. मास्तरने इशारेवाल्यासाठी जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या वर्तुळात उभं राहून मूठ डोक्याच्या वर धरली होती. मूठ म्हणजे धोका, जागच्या जागी थांब. क्रेन थांबली नाही. वर केबिनमध्ये त्याचा सख्खा साडू होता. मूठ दिसली नाही, एवढंच तो म्हणत राहिला.

चौकशीच्या साहेबाने दोघांना कोरा कागद देऊन आपापला पर्स्पेक्टिव्ह लिहायला सांगितला. मास्तरने लिहिलं, मूठ दाखवली, वरच्याने पाहिली नाही. या एका ओळीने साडूची नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मेहुणी दारातूनच परत गेली. बायको ताट वाढून आत निघून जायची.

मास्तरने मुलीला त्या शब्दाचा अर्थ विचारला. दृष्टिकोन, ती म्हणाली. माणूस जिथे उभा असतो तिथून त्याला जे दिसतं, ते. दुसऱ्याच्या पर्स्पेक्टिव्हमधून बघ, असंही म्हणतात.

"म्हणजे त्याच्या जागी जायचं."

"जायचं नाही हो बाबा, नुसता विचार करायचा."

नुसत्या विचाराने झालेलं काम मास्तरने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी त्याने वर्तुळात बांबू उभा केला, मुठीच्या उंचीवर हातमोजा बांधला आणि शिडी चढला. अठ्ठावीस पायऱ्या. छताला काही नवं टांगलं की इशारेवाल्याने वर जाऊन वर्तुळ पाहून यायचं, हा नियम त्यानेच घालून दिलेला. अपघाताच्या आठ दिवस आधी हवा खेळवायचा पत्र्याचा रुंद नळ टांगला, तेव्हा गुडघा दुखतो म्हणून तो चढला नव्हता. चढलो, असं मात्र सांगितलं होतं.

साडूच्या खुर्चीतून त्याने खाली पाहिलं. वर्तुळ दिसत होतं. बांबू छातीपर्यंत दिसत होता. रोजचे इशारे कमरेपाशीच व्हायचे, म्हणून कोणाचं अडलं नव्हतं. छातीच्या वर नळ आडवा. हातमोजा दिसतच नव्हता.

त्याने दुसरा कागद लिहून दिला. साहेबाने वाचला.

"हा तर त्याचा पर्स्पेक्टिव्ह झाला. तुमचा कुठाय?"

"खालून दिसलं ते आधीच्या कागदात आहे. हे वरून दिसलं. शेवटची ओळ माझी."

शेवटची ओळ होती, नळ बसल्यावर मी वर चढलो नाही.

"यात तुम्ही अडकाल."

"अठ्ठावीसच पायऱ्या होत्या, साहेब."

संध्याकाळी मेहुणी आत आली, पाणी पिऊन गेली. साडू मागून आला, उंबऱ्याशी बसून राहिला. लंबूच्या घरी जायला मात्र दोघांपैकी एकाचाही पाय उचलला नाही.