आठ गुरुवार आणि एक कंपासपेटी

परळच्या एका इस्पितळाच्या मागच्या इमारतीत मी आठ गुरुवार राग आवरायला शिकायला गेले. छत्तीस वर्षं गिरगावातल्या शाळेत गणित शिकवलं, तेव्हा माझ्या रागाला कोणी नावं ठेवली नव्हती. उलट पालक येऊन सांगायचे, बाई, तुम्हीच दोन ठेवून द्या, आमचं तो ऐकत नाही. आता सूनबाई म्हणाल्या, "आई, आठ सेशन पूर्ण करा, मग बघू."

बघू म्हणजे काय, तर नातीला परत माझ्याकडे पाठवायचं की नाही. नात चौथीत. ती दादरला राहते आणि मी लालबागला, आमची चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर. बालवाडीपासून शाळेची बस तिला माझ्या गेटवर सोडायची आणि संध्याकाळी सातपर्यंत ती माझी असायची. एका दुपारी तिच्या भुवईला कंपासपेटी लागली, तीन टाके पडले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पाळणाघरात जायला लागली. मी मात्र रोज एक वाजला की तिचा वरणभात लावायला उठायची, आणि तांदळाच्या डब्यात हात घातल्यावर आठवायचं.

तर गुरुवार. गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मध्ये शिकवणारी मुलगी, माझ्या मुलाहून लहान. बोलायची अशा आवाजात, जणू आम्ही सगळे आत्ताच भुलीतून उठलोय. पहिल्या दिवशी तिनं भावनांचं चाक म्हणून एक कागद वाटला. वर्तुळात रडकी, हसरी, फुगलेली तोंडं. आत्ता काय वाटतंय त्या तोंडावर बोट ठेवा, म्हणाली. मी सांगितलं, मला उकडतंय, पंखा वाढवा. तिनं तेही लिहून घेतलं.

आणि तिथली माणसं, काय सांगू. फणसवाडीच्या एक बाई होत्या, जावेची भांडी गॅलरीतून खाली फेकलेल्या. गुरुवारचा उपास म्हणून त्या डबा भरून साबुदाण्याची खिचडी आणायच्या आणि राग या विषयावर चर्चा चालू असताना चमच्याने सगळ्यांना वाढायच्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी अगदी मनापासून विचारलं की एखादा गुरुवार चुकला तर सोळा सोमवारांसारखं पहिल्यापासून धरायचं का, आणि शेवटी उद्यापन असतं का. कोणी हसलं नाही. उलट दोघांनी उत्तर वहीत उतरवून घेतलं.

पण सगळ्यात डोक्यात जायचा तो काळाचौकीचा गृहस्थ. पन्नाशीचा, तेल लावून चापून भांग, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली वही. मॅच हरली म्हणून यानं घरातला वरवंटा टीव्हीत घातला होता. दर गुरुवारी अर्ध्या तासात त्याला रडू यायचं, आणि मग तो रुमालात नाक शिंकरून पुन्हा पेन्सिल सरसावायचा. असल्या माणसाच्या शेजारी मला बसवलं होतं.

शिकवलं काय म्हणाल, तर राग चढला की बर्फाचा खडा मुठीत धरायचा. हात गार पडतो, मन तिकडे जातं. डोंबल. आमच्या जुन्या चाळीत एका नळावर चौदा बिऱ्हाडं भांडायची. प्रत्येकीनं बर्फ धरायचं म्हटलं असतं तर अख्ख्या लालबागला पुरला नसता. शिवाय रोज रात्री एका कार्डावर आजचा राग शून्य ते दहा असा भरायचा. मी ते कार्ड गुरुवारी सकाळी चहा पिता पिता भरायची, सातही दिवस, दोन वेगवेगळ्या पेनांनी. अशा वह्या मी जन्मभर पकडल्या आणि मुलांना वर्गाबाहेर उभं केलं. या मुलीनं माझ्या कार्डावर चांदणी काढली. हिला हे कळत नाही आणि ही मला शिकवणार.

सातव्या गुरुवारी माझी पाळी आली. जे घडलं ते एकेक कडी जोडत सांगायचं, मध्ये विशेषणं नकोत, मतं नकोत. पायऱ्या मांडायला मला कोण शिकवणार? मी सांगितलं. बस उशिरा आली. सुनेचा फोन आला, तिला फार लिहायला लावू नका म्हणून. भागाकाराची उदाहरणं होती. नातीची बाकी तिसऱ्यांदा भाजकापेक्षा मोठी आली. मी ओरडले, आणि तिनं जांभई दिली. मी कंपासपेटी उचलली आणि फेकली.

पुढचं मी जरा मान ताठ करूनच सांगितलं. हळद दाबली, खालच्या डॉक्टरांकडे उचलून नेलं, हो, या गुडघ्यांनिशी, आणि घरी आल्यावर तिला पाटावर बसवून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. या लोकांना कळू दे की घरात माया होती. फणसवाडीच्या बाईंनी मान डोलावली. लेकराला लागलं की आमच्याकडे दृष्ट काढतात, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात त्या टीव्हीवाल्यानं पेन्सिल वर केली. मला वाटलं, आता हा रडणार.

"आमच्या आईनं पण नवा टीव्ही आणल्यावर त्याची दृष्ट काढली होती," तो म्हणाला. "मजल्यावरच्या सगळ्यांची नावं घेतली. माझं नाही घेतलं. पहिला फोडला होता तर मीच."

याला चांगलं खडसवायचं म्हणून मी तोंड उघडलं. माझी नात आणि तुमचा टीव्ही एक का हो, असंच म्हणणार होते. पण तोंडातून निघालं भलतंच, जे मी मुलाला सांगितलं नव्हतं, सुनेला तर नाहीच.

मी मूठ ओवाळत होते. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, बसमधल्या बाईची, पाळण्यात बघून गेलेल्यांची. पोरगी पट्टी बांधलेलं डोकं वर करून ऐकत होती. मग म्हणाली, "आजी, तुझं नाव राहिलं."

आणि मी तिला म्हटलं, गप्प बस, दृष्ट काढताना मध्ये बोलायचं नसतं. मोहऱ्या तापल्या तव्यावर टाकल्या. चांगल्या तडतडल्या. किती तडतडल्या ते मी नंतर शेजारणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

त्या दिवशी शिकवणाऱ्या मुलीनं माझ्या कार्डावर चांदणी काढली नाही. टीव्हीवाल्यानं आपला रुमाल पुढे केला, पण तो ओला होता, मी घेतला नाही. त्या आठवड्यात मात्र कार्ड रोज रात्री भरलं, एकाच पेनानं. मला माझी लाज वाटत होती, आणि त्या चाकावर तसलं तोंड होतं की नाही हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

आठवा गुरुवार झाला. पुढच्या सोमवारी सूनबाई अर्धा दिवस रजा टाकून नातीला स्वतः घेऊन आल्या. मी घावणे करून ठेवले होते, नारळाचा रस काढला होता. पोरगी दारातच थांबली. भुवईत बारीक पांढरी रेघ दिसत होती. तिनं दप्तराची चेन उघडली, कंपासपेटी काढली आणि आईच्या हातात दिली.

"ही तू घेऊन जा," म्हणाली.

सून गोरीमोरी झाली. मी नाही हो शिकवलं तिला, असं पुटपुटली. ते मला कळत होतं. तरी राग आला, सरळ नऊ. कोणाचा ते मला सांगता आलं नसतं, पण कानशिलं तापली. बस म्हटलं दोघींना, स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला आणि बर्फाचा खडा मुठीत धरून ओट्याशी उभी राहिले. साठी उलटलेली बाई, मुठीतून पाणी गळतंय. गुरुवारच्या त्या वेंधळ्या मंडळींपैकी कोणी पाहिलं असतं तर टाळ्या पिटल्या असत्या.

पोरगी मागे आलेली मला कळलीच नाही.

"हात असा का धरलायस?"

"राग आलाय."

"माझा?"

"नाही गं. माझाच."

तिनं जरा विचार केला. फ्रीज उघडला, बर्फाचा ट्रे काढला आणि हात लांब करून ओट्याच्या कडेवर सरकवला.

"मग अजून एक धर," ती म्हणाली.

मी धरला. फ्रीजचं दार तिनं लावलं नव्हतं. ते आमच्या दोघींच्या मध्ये उघडं धरून ती त्याच्या मागे उभी होती.