उलटी धरलेली मुशी

मी पदवीधर झालो तो माझ्या आतेमुळे. आते म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती तारापूरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या घरी परत आली, ती कायमचीच. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. होड्या लागल्या की मासळी घ्यायची, निवडायची, साफ करायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजाराला जायचं, हे तिचं काम. आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. पुढे कॉलेजचा विषय निघाला तेव्हा वडील म्हणाले, "पुरे झालं आता. होडीवर येऊ दे."

आते मासे निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "होडीवर तुमी पाच जण हाव. हा एक नाय आला तर होडी बुडत नाय."

"आणि नापास झाला तर?"

"तर येईल होडीवर. तवर तू गप बस."

वडील गप बसले, पण त्यांनी तो शब्द धरून ठेवला. ठरलं ते असं: मुंबईला जायचं, पण एकदा जरी नापास झालो तर त्याच दिवशी सामान बांधून परत. तेव्हा आमच्या बाजूला वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. गावातले माझ्या बरोबरीचे काही जण तिथे कामाला लागले होते. त्यामुळे परत येण्याच्या वाटा आता दोन होत्या, आणि वडील मला प्रत्येक सुट्टीत त्या दोन्ही दाखवत.

साठीच्या दशकाची ती उतरती वर्षं. विद्यापीठ केवढं मोठं आहे हे मला कळलं ते माझ्या बैठक क्रमांकावरून. पाच आकडी होता तो. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलो तेव्हा आतेला मी प्रवेशपत्र दाखवलं.

"हा कसला आकडा?"

"माझा नंबर आहे. परीक्षेत नाव लिहायचं नसतं, नंबर लिहायचा."

ती विचारात पडली. "होडीला पण नंबर रंगवत्यात. पण होडीला नाव पण असतं."

"कॉलेजात असतं ना नाव. रोज हजेरीला घेतात."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली.

मला स्वतःला त्या नंबराचं वाईट वाटत नसे. उलट इतक्या हजारोंत आपलाही एक आकडा आहे, कुणीतरी तो वहीत लिहून ठेवला आहे, याचं अप्रूप वाटे. वाचनालयाच्या मोठ्या दालनात लांबलचक टेबलं होती आणि तिथे कोणीही कोणाला तू कुठला, कोणाचा, असं विचारत नसे. चिठ्ठी दिली की पुस्तक येई. पहिल्या दिवशी पुस्तक आणून देणाऱ्या शिपायाला मी उठून नमस्कार केला. तो म्हणाला, "बसा, बसा. मी काय व्हाइस चान्सलर आहे?" पुढची चार वर्षं मला पाहिलं की तोच आधी हात जोडायचा.

वसतिगृहातला माझा खोलीसोबती साताऱ्याकडचा, गणिताचा विद्यार्थी आणि पक्का शाकाहारी. मी घरून आलो की तो आधी माझ्या ट्रंकेकडे संशयानं पाही. "काय पोहत आलंय का आत?" असं विचारल्याशिवाय तो मला खोलीत घेत नसे. पण मी इंग्रजी व्याख्यानांत गोंधळून जातो हे त्याला पहिल्या महिन्यातच कळलं, आणि रोज संध्याकाळी तो माझ्याकडून माझ्याच वहीतली दोन पानं मोठ्यानं वाचून घेऊ लागला. स्वतःला त्यातलं काही कळत नसताना तो उच्चार मात्र सुधारायचा. मी प्राणिशास्त्र घेतलं होतं. गणिताच्या त्या मुलाला बेडकाचं रक्ताभिसरण आजही पाठ असेल.

शेवटच्या वर्षाला आम्हांला मुशी आली. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. खरखरीत कातडीचा, हातभर लांब. विच्छेदनासाठी तो प्रत्येकाच्या पुढ्यात मेण ओतलेल्या ट्रेमध्ये ठेवला गेला आणि वर्गातल्या निम्म्या जणांनी नाकाला रुमाल लावले. मी मात्र आतून हरखलो होतो. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे असं काही ठेवलं गेलं होतं जे मला बाकीच्यांहून चांगलं येत होतं. मुशी मी सातव्या वर्षापासून साफ करत होतो. आतेनंच शिकवलं होतं.

सर फळ्यावर आकृती काढत होते. त्यांचं संपायच्या आत माझं संपलं. पोटाखालून एक चीर, अंगठ्याचा एक फेरा, आतडी, यकृत सगळं बाहेर. मग डोकं वेगळं केलं, कल्ले काढले, नळाखाली धुतलं आणि स्वच्छ, पांढरी मुशी ट्रेमध्ये परत ठेवली. घड्याळात तीन मिनिटंही झाली नसतील.

सर मागे वळले. माझ्या ट्रेपाशी येऊन थांबले.

"आतले अवयव कुठे आहेत?"

मी कचऱ्याच्या बादलीकडे बोट दाखवलं.

"आज आपल्याला तेच पाहायचे होते," सर म्हणाले. मग हळूच विचारलं, "मसाला आणलाय का?"

वर्ग हसला. सरही हसले. ते रागावणारे गृहस्थ नव्हते. मीही हसलो, पण कानांपर्यंत तापलो होतो. जे एकच काम मला येत होतं, ते इथे न येण्यासारखंच होतं.

ती नुसती गंमत राहिली असती तर मी आज लिहिलंही नसतं. पण हाताला लागलेली ती सवय सुटेना. मुशीच्या डोक्यातून निघणारे मज्जातंतू उघडे करून दाखवायचे असतात. दोऱ्यासारखे बारीक, पांढरे तंतू. त्यांतला दहावा, व्हेगस, मेंदूतून निघून कल्ल्यांवरून जातो, पहिली सोडून प्रत्येक फटीला एक फांदी देतो आणि पुढे हृदयाकडे, पोटाकडे उतरतो. तो अख्खा, न तुटता दाखवायचा. मला त्याचा मार्ग तोंडपाठ होता. पण सुरी हातात आली आणि कल्ल्यापाशी पोहोचली की हात आपला आपण जोरात फिरे, आणि तंतू, कल्ला, सगळं एका घावात सुटून येई. फेब्रुवारीतल्या कॉलेजच्या परीक्षेत तेच झालं. प्रात्यक्षिकात मी नापास. सरांनी बोलावून सांगितलं, "लेखी तू निघशील. पण विद्यापीठाच्या परीक्षेत प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं. तुझा हात फार घाईचा आहे." माझ्या हातात अभ्यासाच्या सुट्टीचे तीन आठवडे होते.

मी घरी आलो. वडिलांना सांगायची छाती झाली नाही. आते ओसरीवर कोयता घेऊन बसली होती, तिला सगळं सांगितलं. मसाल्याचा किस्साही सांगितला. ती इतकी हसली की तिला कोयता खाली ठेवावा लागला. मग एकदम हसायची थांबली.

"म्हंजी माझा हात तुझ्या हातात शिरलाय. म्हणून नापास होतोस."

"तसं नाही, आते."

"तसंच हाय. बस खाली. काप माझ्यासमोर."

तिनं पाटीतली एक मुशी माझ्यापुढे ठेवली. मी जपून सुरुवात केली, तरी कल्ल्यापाशी तेच झालं. दुसरी दिली, तिचंही तेच. ती माशाकडे पाहतच नव्हती. माझ्या मनगटाकडे पाहत होती. तिसरी देताना तिनं ती फिरवून ठेवली, शेपटी डाव्या हाताला आणि डोकं उजव्या हाताला. आमच्याकडे कोणीही मासा तसा धरत नाही.

"आता काप."

"असं कसं कापणार? उलटं आहे."

"म्हणून तर. हाताला वाट कळली नाय का तो धावणार नाय. डोळ्याला इचारील."

आणि खरोखरच हात अडखळला. कुठून सुरू करावं हेच त्याला कळेना. प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागलं. कातडी सोलली, स्नायू एकेक धागा बाजूला केला. त्या दिवशी तंतू तुटलाच, पण तुटण्याआधी मला तो दिसला होता.

पुढचे तीन आठवडे आतेनं रोज दोन-तीन मुश्या माझ्यासाठी बाजूला काढल्या आणि उरलेली पाटी घेऊन ती बाजाराला गेली. परत आली की माझं काम पाही. कॉलेजात तंतूखाली काळ्या कागदाची पट्टी सरकवतात, म्हणजे पांढरा तंतू उठून दिसतो. आमच्या घरी काळा कागद कुठला? तिनं जुन्या छत्रीचं कापड कातरून दिलं. दहाव्या की बाराव्या दिवशी पहिल्यांदा अख्खा व्हेगस त्या काळ्या कापडावर निघाला. मी तिला हाक मारली.

ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. कितीतरी वेळ वाकूनच राहिली.

"हा हाय तो?"

"हाच."

"एवढी वर्षं कापते. रोज हातातनं जातो. कवा दिसला नाय." मग विचारलं, "आणि हा जातो कुठं?"

"डोक्यातून निघतो, पोटापर्यंत जातो. पोटात काय चाललंय ते डोक्याला कळवतो."

"तुझ्या बापाचा तुटलेला हाय," ती म्हणाली आणि शेजारणींना बोलवायला गेली.

तिघी-चौघी आल्या. एक म्हणाली, "यवढ्यासाठी मुंबईला जायला लागतं? मुशीच्या मानेत काय सोनं हाय?" आते म्हणाली, "सोनं नाय. पण तुला तरी दिसलं होतं का?" ती बाई वाकली, पाहिलं, आणि नाही म्हणाली.

कापलेली एकही मुशी वाया गेली नाही. पाहून झालं की ती कालवणात जाई. तीन आठवडे घरानं मुशीच खाल्ली. वडील एके दिवशी ताटावर बसून म्हणाले, "ह्याची परीक्षा कवा हाय?" आते म्हणाली, "हाय आता. खा." त्यांना काय चाललंय ते ठाऊक होतं असं मला आज वाटतं. कारण शेवटच्या आठवड्यात होडीवरून आल्यावर ते स्वतःच दोन लहान मुश्या ओसरीवर टाकून, काही न बोलता अंघोळीला जात.

परीक्षा दुसऱ्या एका कॉलेजात होती. ओळखीचं कोणी नाही, पाठीवर नंबर लावल्यासारखे आम्ही रांगेत उभे. चिठ्ठी उचलली. व्हेगसच आला. मासा बर्फातला होता, बोटं बधिर होत होती. मी ट्रे सरळ ठेवून सुरुवात केली आणि कल्ल्यापाशी येताच मनगट जुन्या सवयीनं फिरायला लागलं. मी सुरी खाली ठेवली. ट्रे फिरवला. शेजारच्या मुलानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं डोकं फिरलंय.

बाहेरून आलेले परीक्षक येऊन थांबले. "ट्रे असा का?"

"सर, हात सावकाश चालतो."

ते पुढे गेले. अर्ध्या तासानं परत आले, भिंग काढून वाकले आणि कल्ल्यांवरच्या फांद्या एकेक करून मोजल्या. नंतर पोटाकडे जाणारी फांदी कुठे सोडली ते विचारलं. मी काळी पट्टी उचलून दाखवली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. जाता जाता त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मी दिलं, आणि ते उत्तर मला निकालापर्यंत टोचत राहिलं.

निकालाच्या दिवशी खोलीसोबती माझ्याबरोबर आला. त्या लांबलचक यादीत माझा नंबर त्यालाच आधी दिसला. गणिताचा माणूस, आकडे त्याला लवकर सापडतात. मी तसाच पोस्टात गेलो आणि उभ्या उभ्या हे पत्र लिहिलं. आतेनं ते डब्यात जपून ठेवलं होतं, म्हणून ते आज जसंच्या तसं देता येतं.

"प्रिय आतेस,

हे पत्र शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घे. मी पास झालो. सेकंड क्लास मिळाला. प्रात्यक्षिकातही निघालो. बाबांना सांग की मी आता परत यायचं ते फक्त भेटायला.

सोमवारी बोईसरला उतरेन. जेवायला मुशी करू नकोस. बोंबील असतील तर चालतील.

तुला एक सांगायचं आहे. परीक्षेत साहेबांनी मला विचारलं, इतका साफ हात तुला कोणी शिकवला. त्या कॉलेजचे सर शेजारी उभे होते, बाकीची मुलं ऐकत होती. मी म्हटलं, कॉलेजात शिकलो. आते, मी खोटं बोललो. तुझं नाव सांगायला मला लाज वाटली, आणि आता त्या लाजेची लाज वाटते. ते साहेब आता कुठे भेटायचे? म्हणून जे त्यांना सांगायचं होतं ते इथे लिहितो. ऐकायला शेजारणी बसल्या असतील तर बसू देत.

मला मुशी कापायला माझ्या आतेनं शिकवलं. एकदा भराभर कापायला, आणि एकदा सावकाश.

गुरुजी, एवढंच वाक्य कृपा करून पुन्हा एकदा वाचा. जरा मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं.

तुझा भाचा"