हां म्हणजे ऐकतोय

आमच्या दादाला उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशात इंटर्नशिप मिळाली तेव्हा आत्याने विचारलं, "ऑफिस काचेचं आहे ना रे?" काच होती, भरपूर होती, पण सगळी फुटलेली. कंपनी जुन्या गाड्या चिरडायची.

यार्डात पाऊल टाकल्या टाकल्या त्याच्यासमोर एका निळ्या गाडीचा मुडदा पडला. क्रेनच्या पंजाने तिला टपाला धरून उचललं, गदागदा हलवलं, बॉनेट फाडून इंजिन आतड्यासारखं ओढून काढलं आणि उरलेलं धूड प्रेसमध्ये भिरकावलं. प्रेस म्हणजे टेम्पो मावेल एवढी लोखंडी पेटी, वरून उतरणारं जाड झाकण. करकर, कडाड, खळ्ळ. बाहेर आली ती गादीची घडी. इंटर्नशिपमध्ये दादाला ह्याच प्रेसचा दाब मोजायचा होता.

फोरमनबाईंनी स्वागत केलं ते असं: "इथे लोखंड मरतं, माणूस नाही. तुझ्यामुळे कुणाला इजा झाली, तर त्याच दिवशी विमानात." हे सगळं मोडक्या इंग्रजीत, आणि ती तिथे कुणाच्याच घरची भाषा नव्हती. बाईंचा आवाज पत्रा कापल्यासारखा. इकडे बाबा वॉचमनपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना 'चिरंजीव परदेशी' असं सांगून मोकळे झालेले. असं परत येऊन तोंड दाखवायला जागा नव्हती.

गॅस कटर चालवणाऱ्याला सगळे जबडा म्हणत. जबडा होताच तसा, ड्रॉवर उघडा राहिल्यासारखा. प्रेसमध्ये एखादा दांडा अडकला की तो आत उतरून कापायचा. वर केबिनमध्ये प्रेसवाला बसायचा, त्याला पेटीच्या आतलं काही दिसायचं नाही. म्हणून दादाला वॉकीटॉकी देऊन पेटीच्या तोंडाशी उभं केलं. जबडा बाहेर आला की वर कळवायचं. एवढंच.

आता आमच्या घरात फोनवर गप्प राहून ऐकणं म्हणजे उर्मटपणा. आत्याच्या बोलण्यात मधे मधे 'हां… हां…' पडलं नाही, तर ती "मेलास का रे?" म्हणून विचारते. हा 'हां' होकार नसतो. मी आहे इथे, तू बोल, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्याच आठवड्यात एका गाडीच्या चाकांचा आस अडकला. जबडा आत, ठिणग्यांचा पाऊस, क्रेनचा धडधडाट. वॉकीटॉकीत प्रेसवाला खरखरला. दादाला अर्धं कळलं, अर्धं नाही, आणि सवयीने तो लागला हुंकार द्यायला.

"कापून झालं?"

"हां…"

"तो बाहेर आला?"

"हां… हां…"

"मग घेऊ खाली?"

"हां, बोला."

झाकण सुटलं.

जबडा आतून ओरडला तो माणसासारखा नाही. पेटीच्या खाचेत त्याचा बूट अडकला होता. दादा वॉकीटॉकीत किंचाळला, "अरे थांब, थांब, थांबव रे," अस्सल आपल्या भाषेत. प्रेसवाल्याला त्यातलं काय कपाळ कळणार? शेवटी दादाने पायाशी पडलेला ब्रेकचा ड्रम उचलला आणि दोन्ही हातांनी केबिनवर फेकला. काच फुटून प्रेसवाल्याच्या मांडीवर आली. त्याने घाबरून लाल बटण दाबलं. झाकण थांबलं ते जबड्याच्या पाठीला टेकून.

झाकण वर घेतल्यावर जबडा एका बुटाने बाहेर आला आणि एक शब्द न बोलता दादाच्या तोंडावर गुद्दा हाणला. दादा उताणा. मग कॉलर धरून उभा केला आणि दुसरा हाणला. तोवर प्रेसवाला केसांतून काचा झटकत खाली आला.

"तू हां म्हणालास."

"मी ऐकत होतो."

"मग गपचूप ऐकायचं ना, गाढवा."

"आणि तू रे, नुसत्या आवाजावर माझा चेंदा करायला निघालास?" म्हणत जबड्याने त्यालाही एक ठेवून दिली. तिघं खाली, तिघांच्या तोंडात शिव्या, तीन भाषांत. दादा म्हणतो, आपल्या सरस होत्या.

फोरमनबाई आल्या. जबड्याचा शर्ट लाल.

"रक्त कुणाचं?"

जबड्याने दादाकडे बोट केलं. "ह्याचं. मीच काढलं."

हाणामारी केली की तिथे नोकरी जाते. दादाला ते ठाऊक होतं. सुजलेल्या ओठांनी त्याने सांगितलं, "चूक माझी. मी आत असतो, तर मी जास्त मारलं असतं."

बाईंनी आधी जबड्याची पाठ पाहिली, मग दादाचे दात. "तो मरता मरता वाचला आणि तू मारता मारता. वॉकीटॉकी इकडे दे. आता तुझं काय करू, ते हा सांगेल. जीव त्याचा होता."

जबडा थुंकला. खाचेतला बूट ओढून काढला, घातला. दादाच्या डोळ्यांपुढे विमान उभं राहिलं.

"राहू दे त्याला," जबडा म्हणाला. "पण मी आत असलो की हा पण आत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दांडा अडकला. पेटीच्या तोंडाशी वॉकीटॉकी घेऊन आता बाई स्वतः. दादा जीव मुठीत धरून पेटीत उतरला, जबड्याच्या खांद्याला खांदा लावून, हातात टॉर्च. झाकणाच्या पोटाला चिरडलेल्या गाड्यांचा रंग चिकटला होता, हिरवा, पिवळा, निळा.

"वर बघू नकोस," जबडा म्हणाला. "मी पहिल्या दिवशी बघितलं आणि ओकलो."

दादाने टॉर्च दांड्यावर धरला.